आज पळणारी किती?

माझ्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात माझ्या शिकवण्याची तपासणी झाली. ती हेडसरांनी केली नाही, संस्थेच्या कुणा पाहुण्यानेही केली नाही. शाळेच्या शिपायाने केली. संध्याकाळचे पाच वाजून गेले होते, मी स्टाफरूमच्या बाहेर नळावर हातांचा खडू धूत होतो. ते मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सर, नववी ब ला शेवटचा तास तुमचा हुता न्हवं? आज त्यातली चारच पळाली."

"कुठं पळाली?" मी घाबरूनच विचारलं. नवी नोकरी, त्यात पोरं कुंपणावरून उड्या टाकून पळाली तर जबाब मला द्यावा लागणार.

"घराकडं," ते म्हणाले. "चार पळाली, बाकीची चालत गेली. नवीन हायसा तुमी. हुईल सवय."

आणि सायकलला टांग मारून निघून गेले. मी ओल्या हातांनी तसाच उभा. बी.एड. केलं, पाठाच्या टाचणांच्या वह्या भरल्या, पण पोरं घरी कशी जातात यावरून मास्तर जोखतात हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

शाळा लोणंदपासून पाच-सहा मैलांवर. आजूबाजूच्या वाड्यांमधली पोरं पायी किंवा सायकलवर येणारी. शिपायाला सगळे मामाच म्हणायचे, अगदी हेडसरसुद्धा. उंच, पाठीत जरासे वाकलेले, धुऊन धुऊन पांढरट झालेला खाकी शर्ट, आणि सायकलच्या चेनमध्ये अडकू नये म्हणून उजव्या पायाची विजार कायम दुमडलेली. सायकलवर नसतानाही दुमडलेलीच. झेंडावंदनाला हेडसर हळूच सांगायचे, "मामा, विजार." मामा खाली वाकून ती सोडायचे आणि राष्ट्रगीत संपलं की पुन्हा दुमडायचे.

त्यांच्या काखेत सूचना वही असे. सूचना असो नसो, वही असायचीच. तो त्यांचा कुठल्याही वर्गात शिरायचा परवाना होता. शिकवणं ऐन रंगात आलं की दारात मामा. वही नाकासमोर धरायची, आपण वाचून सही करेपर्यंत मान खाली घालून उभं राहायचं. मला आधी वाटे, काय विनयशील माणूस आहे! पुढे कळलं की विनयाचा काही संबंध नाही, हा गृहस्थ बाकांखालचे पाय बघतोय. एकदा तर मी वही उघडली तेव्हा आत गेल्याच आठवड्यातली सूचना होती आणि तिच्यावर माझीच सही होती.

"मामा, ही झाली की करून."

"परत करा," ते खालीच बघत म्हणाले.

पायांचं त्यांचं एक शास्त्र होतं. दुपारच्या सुट्टीत डबा खाताना त्यांनी मला ते समजावून सांगितलं. "सकाळी पोरांची पावलं शेजारी शेजारी असत्यात. जेवण झालं की एकावर एक चढत्यात. चार वाजलं की चपला निघत्यात. आन एकदा का पाय बाकाच्या भाईर आलं, की तुमी काय बी सांगा, ते पोरगं घरी गेलं. नुसतं दप्तर ऱ्हायलं हितं."

आमची घंटा म्हणजे व्हरांड्याच्या तुळईला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. ती वाजवायला एक लोखंडी गज. शाळा सुटायची वेळ पाचची, पण मामांची शेवटची घंटा कधी पाचला तीन कमी, कधी पाचला सात कमी. घड्याळाकडे ते बघतच नसत. व्हरांड्यातून एक चक्कर मारायचे, सगळ्या वर्गांच्या दारांतून खाली नजर टाकायचे, आणि गज हातात घ्यायचे. मग फाटकापाशी जाऊन उभे राहायचे आणि पळणारी पोरं मोजायचे. ओठ हलताना दिसायचे. शेवटचं पोर गेलं की स्टाफरूममध्ये अहवाल. "आज पळणारी लय हायत." नाहीतर, "आज निम्मी बी न्हाईत. काय केलंसा काय त्यास्नी?"

त्यांचा सिद्धांत एवढाच. पोर शाळेत किती वेळ बसलं याला अर्थ नाही. जाताना पळत गेलं पाहिजे. पाय ओढत गेलं, की समजायचं आपण जास्त घेतलं.

मास्तर लोक वैतागायचे, मीही वैतागलो. पाच-सात मिनिटांत एक उदाहरण होतं गणिताचं. एकदा मी सरळ वाद घातला. म्हटलं, मामा, पोरं शाळेत जेवढी जास्त बसतील तेवढं त्यांच्या भल्याचंच आहे ना?

मामांनी डबा बंद केला. "सर, ह्या शाळेत माझ्याइतका येळ कुणी काढलाय?"

"कुणीच नाही."

"अठ्ठावीस वर्सं झाली. रोज सगळ्यांच्या आधी येतो, सगळ्यांच्या मागनं जातो. समद्या वर्गांत शिरलोय. तुमच्याआधीचं पाच गणिताचं मास्तर ऐकल्यात. तरी बी मला वर्गमूळ येत न्हाई. मग बसून काय हुतंय, सांगा बरं?"

मी डबा उचलून तासाला गेलो. 

या अहवालापायी एकदा मोठीच गंमत झाली. तालुक्याहून एक साहेब तपासणीला आले होते. निघायच्या वेळी शाळा सुटली, आणि मामा सवयीने स्टाफरूमच्या दारात येऊन म्हणाले, "आज एकशे चौदा." साहेबांनी विचारलं, काय एकशे चौदा? हेडसरांना घाम फुटला. मामांनी सगळं शास्त्र सांगितलं. साहेब एकदम खूश. "वा! हे तर आनंददायी शिक्षणाचं मोजमाप झालं. हा उपक्रम लेखी ठेवा, फोटो पाठवा."

झालं. दुसऱ्या दिवशी सूचना निघाली. मामांनीच ती वर्गावर्गातून फिरवली. "उद्यापासून शाळा सुटल्यावर सर्व विद्यार्थ्यांनी पळत जावे." उपक्रमाला 'आनंदी प्रस्थान' असं नाव मिळालं. रजिस्टर आखलं. आलेख काढायचं काम गणिताचा मास्तर म्हणून माझ्याकडे. पाच वाजता पीटीच्या सरांनी शिट्टी फुंकली आणि पाचवीपासून दहावीपर्यंतची सगळी शाळा रांगेने फाटकातून पळत सुटली. पाठीवर दप्तरं, हातात डबे, सातवीतला एक जण पडून गुडघा सोलून बसला. हेडसर मोबाइलवर चित्रण करत होते. धुरळा खाली बसला आणि मी रजिस्टर उघडून मामांना विचारलं, "बोला मामा, किती लिहू?"

"एक बी न्हाई," मामा म्हणाले. इतका पडलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

आठ दिवस हा प्रकार चालला. फोटो ग्रुपवर गेले, साहेबांचा अंगठा आला आणि उपक्रम यशस्वीरीत्या संपला. पोरं पुन्हा मनाला येईल तशी जाऊ लागली, आणि मामा पुन्हा मोजू लागले.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती सांगताना मी थोडा अडखळणार आहे, कारण तिच्यात मी काही फार बरा दिसत नाही.

त्या वर्षी दहावीचं गणित माझ्याकडे होतं. हेडसरांना शंभर टक्के निकाल हवा होता, आणि मला तालुक्यात पहिली येणारी एक पोरगी. ती वर्गात होतीही. वाडीवरची, अक्षर लहान आणि नेटकं, माझी फळ्यावरची चूक माझ्याआधी तिला दिसायची. दिवाळीनंतर मी जादा तास सुरू केले. सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी पाच ते साडेसहा. मधे रोजची शाळा. हिशेब केला तर पोरं साडेअकरा तास शाळेत. मला त्याचा अभिमान होता. सासुरवाडीला सुद्धा सांगून झालं होतं.

मामा पाचला घंटा द्यायचे आणि दहावीच्या दारात येऊन उभे राहायचे. मी मान हलवून नाही म्हणायचो. ते जायचे.

जानेवारीत तिचे आजोबा शाळेत आले. डोक्याला फेटा, पायांत जाड वहाणा. वडील फौजेत, कुठेतरी बर्फात. आई पहाटे लोणंदच्या कांद्याच्या वखारीत निवडायला जायची. सकाळच्या भाकरी पोरीकडे होत्या, म्हणजे सातच्या तासाला यायला ती साडेचारला उठत होती. हे मला त्या दिवशी कळलं. तोवर मी विचारलंच नव्हतं.

आजोबा हेडसरांसमोर बसले नाहीत, उभ्यानेच बोलले. "सायेब, माझ्या पोराचा फोन सांजच्याला साडेपाचला येतो. त्याला तवाच रेंज असती. दिवाळीपासनं त्यो लेकीशी बोलला न्हाई. कवा बी इचारलं तर आमी सांगतो, शाळेत हाय. परवा म्हणला, आबा, मी डूटीवर बी एवढा येळ नसतो. आन अंधाराची दोन मैल येती ती उसातनं. घरात आली की जेवती न जेवती, निजती. पोरगी तुमची हाय का आमची? उद्यापासनं ती येणार न्हाई."

हेडसर म्हणाले, "आबा, दोन महिन्यांवर परीक्षा आलीय."

"परीक्षेचं मागनं बघू."

मागनं बघू याचा अर्थ आम्हा सगळ्यांना ठाऊक होता. आदल्या वर्षी दोन मुली अशाच मागनं बघू म्हणून घरी बसल्या आणि उन्हाळ्यात त्यांच्या लग्नाच्या पत्रिका आल्या. मी आजोबांना गुणांचं सांगितलं, तालुक्यात पहिली येईल म्हणालो.  त्यांनी पहिलीचं काय करायचं होतं?

दारात मामा उभे होते, काखेत वही. ते आत आले. "आबा, पोरगीला उद्या धाडा. सकाळी धाला येऊ द्या, आन सांजंला पाचला ती वाटंला लागंल. माझा शबूद हाय."

शिपायाच्या शब्दावर आजोबांनी मान डोलावली. आमच्या नाही.

दुसऱ्या दिवशी पाचला घंटा झाली. मी फळ्यावर भूमितीचं प्रमेय काढत होतो. पोरं चुळबुळली. मी म्हणालो, "बसा." ती उठली होती, तिलाही म्हणालो, बस. ती बसली. मला वाटत होतं, एका दिवसाने काय होतंय, आणि शिपायाने वेळापत्रक ठरवायचं म्हणजे काय! पण घंटा थांबेना. ठण् ठण् ठण् ठण्. एरवी दहा-बारा टोल द्यायचे, त्या दिवशी मामा मारतच राहिले. प्रमेय मोठ्याने सांगितलं तरी ऐकू येईना. खिडकीतून बघितलं, तर घाम गळतोय आणि हात चाललाय. शेवटी पोरं हसायला लागली आणि एकेक करून बाहेर पडली. ती सगळ्यात शेवटी उठली. "सर, जाऊ का?" मी फळ्याकडे तोंड केलं. ती मान खाली घालून गेली. वर्ग रिकामा झाल्यावर घंटा थांबली.

माझा पार अपमान झाला होता. त्याच रागात मी दोन पानी तक्रार लिहिली. हेडसरांनी मामांना मेमो दिला, शनिवारी लेखी खुलासा द्या, नाहीतर संस्थेला कळवावं लागेल. निवृत्तीला चार महिने राहिलेले. घंटेचा गज माझ्या कपाटात ठेवायचा आणि घंटा माझ्या सांगण्यावरून द्यायची, असंही ठरलं. गज कपाटात ठेवून मी कुलूप लावलं. शुक्रवारी ती आली नव्हती; घंटा झाल्यावरही मी तिला बसवलं हे वाडीवर कळलं होतं. आजोबांनी मामांना निरोप धाडला होता, सोमवारपर्यंत वाट बघतो म्हणून.

शनिवारी सकाळची शाळा. दुपारी सगळे गेल्यावर मी पेपर तपासत बसलो होतो, तर मामा समोर येऊन बसले. खिशातून कोरा कागद काढला.

"सर, जरा खुलासा लिवून द्या."

मला कळेना हा माणूस थट्टा करतोय की काय. "मामा, तक्रार माझीच आहे."

"म्हाईत हाय. पर शाळंत अक्षर तुमचंच चांगलंय. क्लार्कचं मलाच लागत न्हाई."

मी पेन उघडलं. दुसरं काय करणार? लिहायला सुरुवात केली, "महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून..."

"हे मी कवा म्हणलो?"

"असंच लिहायचं असतं मामा."

"तुमची तक्रार हुती तवा तुमी म्हणला तसं लिवलंसा. आता मी म्हणतो तसं लिवा."

मी तो कागद बाजूला ठेवला, दुसरा घेतला. मामा खिडकीबाहेर बघत एकेक वाक्य सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. तो खुलासा मला आजही तोंडपाठ आहे.

"मी घंटा लय वाजवली हे खरं हाय. गणिताचे सर चांगलं शिकवतात, मी भाईरनं ऐकलंय. पण ती पोरगी पाचवीपासनं रोज पळत घरी जायाची. पाऊस असला तरी. सहावीत पाय मुरगळला तवा लंगडत पळाली. ह्या दिवाळीपासनं ती एकदा बी पळाली न्हाई. मी रोज बघतोय. मी तिच्या आजाला शब्द दिला की ती पाचला निघंल. सर माझ्यापेक्षा शिकलेले आहेत. त्यांनी पाचला तिला सोडलं नाही तर ती परत येणार न्हाई, आन मग सरांनी केलेली मेहनत बी वाया जाईल. म्हणून घंटा वाजवली. माझी काय चूक असंल तर ती माझी. तिला शाळेतनं जाऊ देऊ नका."

शेवटच्या वाक्याला माझं पेन थांबलं. तिला शाळेतून काढत होतो तो मीच, आणि तेही तिच्या भल्याच्या नावाखाली. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. मामांनी सुद्धा बघितलं नाही असं दाखवलं नाही. म्हणाले, "आसू द्या. सही कुठं करू?"

कागद मी स्वतः हेडसरांच्या घरी नेऊन दिला. त्यांनी वाचला, उलटून बघितला.

"हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"तक्रार कुणाची?"

"तीही माझीच. ती मागे घेतोय. आणि सोमवारपासून जादा तास बंद."

हेडसरांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, निकाल खाली आला तर त्याचा खुलासा मात्र तुम्हाला द्यावा लागेल, आणि तो मी म्हणेन तसा. एवढ्यावर भागलं.

रविवारी मामा सायकलवर वाडीला जाऊन आले. सोमवारी ती वर्गात होती. पाच वाजता मीच गज काढला आणि घंटा दिली. ती धड वाजेना. मामा मागून म्हणाले, "मधी न्हाई, खाली कडंला मारा." मारली. पोरं निघाली. मी फाटकाकडे बघत होतो.

"पळाली का ती?"

"न्हाई. पर भराभरा गेली," मामा म्हणाले. "लय बसलीया. येळ लागंल."

त्यानंतर मी दहावीला रोज पाचच गणितं घरी द्यायला लागलो. खरं सांगतो, माझे जादा तास म्हणजे तेच गणित तिसऱ्यांदा फळ्यावर आणि पोरांनी तेच तिसऱ्यांदा वहीत. मी शिकवत होतो असं मला वाटत होतं, त्यांना नुसता कोंडून ठेवत होतो. आता ती घरी गणितं करून यायची, आणि वर्गात मला अडवायची. एकदा म्हणाली, "सर, काल पप्पांना फोनवर प्रमेय सांगितलं. त्यांना कळलं नाही, पण त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं."

आज मी सांगलीत एका मोठ्या शाळेत आहे. इथे पोरं सकाळी साडेसहाला गाडीत बसतात आणि शाळा, क्लास, पुन्हा क्लास करून दिवे लागल्यावर घरी जातात. मी माझ्यापुरता तास वेळेवर सोडतो, पालकांची बोलणी खातो. पालकसभेत कुणी विचारलं की इतका थोडा अभ्यास का देता, की मी सांगतो, मला असं शिकवलंय. कुणी शिकवलं हे विचारत नाहीत. विचारलं तर मान ताठ करून सांगेन, आमच्या शिपायाने.

त्या वर्षी शंभर टक्के निकाल लागला नाही. दोन पोरं नापास झाली, त्यातलं एक माझ्या विषयात. मी हेडसर म्हणाले तसा खुलासा लिहून दिला. ती तालुक्यात पहिली आली नाही, शाळेत तिसरी आली. मामा मे अखेरीस निवृत्त झाले होते. निकालानंतर दहा-बारा दिवसांनी मी पेढे घेऊन त्यांच्या गावी गेलो. ते ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. विजार दुमडलेलीच. मी तिचे गुण सांगायला लागलो, तर त्यांनी हात वर केला.

"गुण ऱ्हाऊ द्या. आजानं फुडं घातली का?"

"घातली. लोणंदला अकरावीला नाव घातलं. आजोबा स्वतः आले होते अर्ज भरायला."

मामांच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते शर्टाच्या बाहीला पुसले. मग माझ्याकडे एकदम संशयाने बघितलं.

"किती वाजता सुटतं त्ये कॉलेज?"

"साडेबाराला."

मामांनी पेढा उचलला आणि अख्खा तोंडात टाकला.

"मग शिकंल पोरगी," ते म्हणाले.